दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, धुळाप्पा बिराप्पा मेत्रे, वय ६४, धंदा गाड्यांत स्पीकर बसवणे, राहणार हुलसूर, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, सकाळचा चहा झाल्यावर, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी पाजलेलेही नाही. डोके जागेवर आहे. डावा कान जागेवर नाही, पण मृत्युपत्राला कान लागत नाहीत असे बसवकल्याणच्या वकीलसाहेबांनी सांगितले आहे.

याआधी २०११ साली केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. ते रागात लिहिले होते. मंठाळच्या हावगेप्पाने माझ्या मयतीलाही येऊ नये, असे त्यात एक कलम होते. ते सगळ्यात आधी रद्द.

या कागदावर दोन साक्षीदार लागतात. लिहिणारा शुद्धीवर होता, हे त्यांनी सांगायचे असते. पहिले साक्षीदार शेजारचे शिवप्रसाद गुरुजी. दुसरी जागा मी हावगेप्पासाठी रिकामी ठेवली आहे. काल त्याला निरोप धाडला. अठरा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही, त्यामुळे तो येईलच असे नाही. नाही आला तर गल्लीतला कोणीही सही करील आणि कागद कायद्याने पुरा होईल. माझ्या मनाने होणार नाही.

१. हुलसूरचे दोन खोल्यांचे घर, मागची मोकळी जागा आणि पोस्टातली ठेव पत्नी बाणूबाई हिला. मुलाने तिला हैदराबादला नेण्याचा आग्रह धरू नये. ती तिथे तिसऱ्या मजल्यावर दोन दिवस राहिली आणि म्हणाली, "शेळी बांधायला जागा न्हाई, माणसं कशी राहायलेत हितं?" तिला पुन्हा तसे विचारायला लावू नये.

२. जुनी जीप मुलगा सुनीलकुमार यास. अट एकच. बाप गाडीत स्पीकर बसवणारा असून या पोराने आपल्या नव्या गाडीत मागच्या सीटच्या पाठीमागे चार स्पीकर परक्याकडून बसवून घेतले आणि मला फोटो पाठवला. जीपमध्ये हा प्रकार केल्यास जीप त्याच्या बहिणीकडे जाईल. बाकी पोरगा गुणी आहे, महिन्याला न चुकता आईला भेटायला येतो.

३. बसस्टँडजवळचे 'बिरोबा साउंड' हे दुकान आणि सगळी हत्यारे: सोल्डर, पकडी, गोल भोक पाडायची करवत, दाराचा पुठ्ठा उचकटायच्या पट्ट्या, हे सर्व मुलगी जगदेवी हिला. पोरीची जात गाडीखाली काय शिरते, असे बोलणारे बोलून गेले. दाराचा पुठ्ठा काढताना माझ्या हातून चाळीस वर्षांत शेकडो क्लिपा तुटल्या. तिच्या हातून मी एकही तुटलेली पाहिलेली नाही. दुकानात अर्धा हिस्सा मात्र हावगेप्पाचा राहील. तो का, ते पुढे.

४. धंद्याची विद्या वाटता येत नाही, म्हणून लिहून ठेवतो. मोठा स्पीकर पुढच्या दारात, खाली, पण बसणाऱ्याच्या गुडघ्याआड जाणार नाही असा. बारीक आवाजाचा ट्वीटर समोरच्या काचेशेजारच्या खांबावर, कानाच्या उंचीला. बेसचा डबा डिकीत चालतो, कारण जाड आवाज कुठून आला ते कानाला कळत नाही. मागेच स्पीकर हवेत म्हणून हटून बसणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी चहा द्यावा आणि मग विचारावे, तुमच्या गावात गवई तुमच्या पाठीमागे बसून गातो काय?

ड्रायव्हर उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याच्या मांडीला चिकटलेला, डावा पार पलीकडे. दोन्ही सारखेच वाजवले तर सगळे गाणे उजव्या खिडकीतून निघून जाते. म्हणून डावा थोडा वाढवायचा. थोडा म्हणजे किती, ते कानाने ठरवायचे. माझे वडील घंटीच्या आवाजावरून कोणती मेंढी कुठल्या बांधाला आहे ते सांगायचे. तो कान आपल्यात उतरला, याचा मला भारी गर्व होता. माझे सगळे घोडे या 'थोडा'पाशी अडले.

५. आता हावगेप्पा. दुकान आम्ही दोघांनी काढले. मी स्पीकर बसवायचो, तो ड्रायव्हरच्या जागी बसून ऐकायचा. २००७ साली कोहिनूर गावच्या एका बागायतदाराची नवी गाडी आली होती. तो पाच-सहा माणसे घेऊन उभा. मी डिकीत डोके घालून अॅम्प्लिफायरचा आवाज कमी-जास्त करायचा स्क्रू फिरवत होतो आणि आतून हावगेप्पा ओरडला, "धुळाप्पा, लई येडा हाय! अजून येडाच हाय!"

ती सगळी माणसे खो खो हसली. मी पक्कड घेऊन बाहेर आलो आणि त्यांच्यादेखत म्हणालो, "उतर खाली. पुन्हा या दुकानात पाय ठिवू नको." तो उतरला, फडक्याला हात पुसले आणि गेला. पुढे कळले की तो मंठाळात सांगत होता, "धुळाप्पाला चूक दाखवल्याली चालत न्हाई." मला येडा म्हणतो आणि वर त्याला चूक दाखवणे म्हणतो, म्हणून माझा राग दुप्पट झाला.

६. या दिवाळीनंतर जगदेवीने मला बीदरला कान तपासायला नेले. शरणम्मा नावाच्या मुलीने माझ्या कानांवर हेडफोन चढवले, यंत्र चालू केले आणि विचारले, "येडा ऐकू यायलंय का?"

मी ताडकन म्हणालो, "कुणाला येडा म्हणायलीस गं?"

ती आधी घाबरली, मग हसली. "आजोबा, कन्नडमधी येडा म्हंजे डावा. बला म्हंजे उजवा. हुलसूरचे असून एवढं ठाऊक न्हाई?"

ठाऊक होते. लहानपणापासून ठाऊक होते. हावगेप्पाचे घर कन्नड, दुकानात आम्ही डावा-उजवा म्हणायचो, पण घाई झाली की तो घरच्या बोलीत शिरायचा आणि अर्धे मराठी अर्धे कन्नड बोलायचा. आवाज लई डावीकडं जायलाय, एवढेच तो सांगत होता. बाहेरची माणसे मराठी ऐकून हसली आणि मीही त्यांच्यासारखेच ऐकले.

एवढ्यावर भागले नाही. शरणम्माने कागद दाखवला. डावा कान कमी ऐकतो, "आन् हे आजचं न्हाई, लई जुनं दिसायलंय." लहानपणी माझा तो कान फुटला होता. म्हणजे हावगेप्पाला हाकलल्यावर माझ्या दोन्ही कानांना सारखे वाटेपर्यंत मी डावा स्पीकर वाढवत राहिलो, आणि या तालुक्यातल्या किती गाड्यांत गाणी डाव्या दाराला टेकून वाजत असतील कोण जाणे. हावगेप्पाचे बरोबर होते.

दवाखान्यातून बहिरा ठरून निघालेला माणूस कधी पेढे घेतो काय? मी घेतले. जगदेवी म्हणाली, "अप्पा, कामून हसायलाव?" अठरा वर्षे छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता. माझ्या मित्राने मला कधी येडा म्हटलेलेच नव्हते.

मी आवाज बसवलेली कोणतीही गाडी परत आली तर जगदेवीने ती फुकट नीट करून द्यावी.

७. हे कलम दुपारी लिहीत आहे. हावगेप्पा आला आहे. त्याने चष्मा लावून हा कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, "मला वाटलं, चूक दाखवली म्हणून हाकललास. तुला येडा कामून म्हणू? तुझ्याबिगर मला दुसरं कोण होतं?" बाणूबाई आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

सहीआधी वकीलसाहेबांना फोन लावला; त्यांचे सांगणे असे की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे कज्जा होतो. ते मी त्याला सांगितले. अर्धे दुकान किंवा सही, दोन्हींतले एक. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "दुकान पोरीला दे. मला पेन दे."

म्हणून कलम ३ मधला अर्धा हिस्सा रद्द. दुकान पूर्णपणे जगदेवीचे.

ठिकाण: हुलसूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: धुळाप्पा बिराप्पा मेत्रे

साक्षीदार पहिले: शिवप्रसाद, निवृत्त शिक्षक, हुलसूर. (सही)

साक्षीदार दुसरे: हावगेप्पा, राहणार मंठाळ. (सही) धुळाप्पा माझ्यासमोर सही केला आहे. पूर्ण शुद्धीवर आहे, मी त्याला तीस वर्षांपासून ओळखतो. मंगळवारी सकाळी दुकानाला येतो.