गुरुवारची मेथी

आबा, "तितं माजं नाव कुणी इचारत न्हाय, म्हणून जातो," असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. चुलीपुढं बसून, हातातल्या चहाकडं बघत. दारू सोडायची तर घरी बसून सोडावी, त्यासाठी दर गुरुवारी कळंबहून बारामतीच्या बैठकीला कशाला जायला लागतं, असं आईनं विचारलं होतं. तुमचं उत्तर मी ऐकलं. कळलं मात्र नाही, आणि ते भोगावं लागलं तुम्हाला.

ती बैठक मीच शोधली होती. नव्वदनंतरची वर्षं, मी एसटीनं बारामतीला कॉलेजला जायचे. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीजवळ हातानं लिहिलेला एक कागद चिकटवलेला दिसला. दारू थांबवायची असेल तर गुरुवारी चार वाजता या, आणि खाली एका शाळेचा पत्ता. कुणाचं नाव नाही. तुम्हाला सांगायच्या आधी मी स्वतः बघून आले. वर्गात आठ-दहा बाप्ये लहान मुलांच्या बाकांत गुडघे अडकवून बसले होते. दाराजवळचे टक्कल पडलेले काका म्हणाले, "काय गं पोरी, पिती का काय तू?" सगळे हसले. मी रडायला लागले. मग तेच काका हळू आवाजात म्हणाले, "कोण, बाप का? घिऊन ये. नुसता बसू दे. बोलला न्हाय तरी चालतंय."

तीन आठवडे तुम्ही काहीबाही कारणं काढलीत. चौथ्या गुरुवारी मुकाट्यानं बाजाराची पिशवी उचललीत. गुरुवार बारामतीच्या बाजाराचा, त्यामुळे पिशवी हातात असली की एसटीत कुणी काही विचारायचं नाही. बैठक सुटेपर्यंत बाजार उठत आलेला असायचा. उरलेल्यातली एखादी जुडी तुम्ही आणायचात. आई ती उलगडून बघते आहे, मला अजून दिसतं. "अवो, एवढ्या लांबनं ही मेलेली मेथी आणाय जाता व्हय?" तुम्ही म्हणता, "मेली न्हाय, दमलीया. पाणी मार, उठतीया." आई तोंडाला पदर लावून हसते. कितीतरी वर्षांनी त्या घरात कुणी हसलं होतं. ते वर्षभर गुरुवारी आपल्याकडं मेथीच असायची, जरा कडू, जरा जून, आणि मला ती फार आवडायची.

वर्ष पुरं झालं आणि मला राहवेना. तरुण मंडळाच्या कार्यक्रमात दहावीच्या मुलांचा आणि निवृत्त गुरुजींचा सत्कार होता. तुमचंही नाव घ्या, म्हणून मी अध्यक्षांना जाऊन सांगितलं. आपल्याकडं माणसाचं काही चांगलं झालं की त्याला टॉवेल-टोपी करायची, नारळ द्यायचा; दुसरी रीत मला ठाऊकच नव्हती. लाउडस्पीकरवरून तुमचं नाव पुकारलं गेलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि पुढं, "बारामतीच्या मीटिंगला जाऊन दारू सोडल्याबद्दल." तुम्ही उठेचनात. शेजारच्यांनी दंडाला धरून उभं केलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, आता याची पार्टी पायजे!" तुम्ही हात जोडलेत. ती टोपी घरापर्यंत तुमच्या डोक्यावर होती. घरात आल्यावर काढून खुंटीला अडकवलीत आणि म्हणालात, "चांगल्यासाठीच केलंस पोरी." रागावला असतात तर बरं झालं असतं.

पुढच्या गुरुवारी कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता विचारलं, "काय आबा, मीटिंगला का?" तुम्ही मधल्याच थांब्यावर उतरून रिकामी पिशवी घेऊन घरी आलात. मी म्हटलं, लोकांचं काय मनावर घेता. तुम्ही म्हणालात, "माजं सोड. तितं अंथुर्ण्याचा एक माणूस माज्याशेजारी बसतोय. त्येनं बायकूलाबी सांगितलं न्हाय. आता मला बगून लोक त्येलाबी वळाखतील." त्यानंतर तुम्ही गेला नाहीत. सात-आठ महिने एकट्यानं धीर धरलात. मग नाही धरवला. चार वर्षांत तुम्ही गेलात, आणि शेवटपर्यंत त्या टोपीचा विषय एकदाही काढला नाहीत.

मी आता तुमच्या तेव्हाच्या वयाची झाले. गेल्या वर्षापासून मीही बारामतीत एका बैठकीला जाते, पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांच्या. पहिल्या दिवशी मला कुणी नाव विचारलं नाही, कुठली, कुणाची विचारलं नाही. मी खुर्चीत बसून श्वास सोडला आणि तुमचं चुलीपुढचं वाक्य मला तेव्हा कळलं.

एक गोष्ट मी आईलाही कधी सांगितली नाही. अध्यक्षांकडं मी तुमच्या कौतुकापायी गेले नव्हते. एसटीत मागच्या सीटवरच्या मुली मला दारुड्याची पोर म्हणायच्या, ते मला पुसून टाकायचं होतं, साऱ्या गावासमोर. टोपी तुमच्या डोक्यावर चढली, पण सत्कार मला हवा होता.

बैठकीत सगळ्यांचं बोलून झालं की बायका माझ्याकडं बघतात. मी मान हलवते, पुढच्या वेळी म्हणते. आबा, या गुरुवारी मला हे तिथं सांगू द्या. तुमचं नाव घेणार नाही, गावही सांगणार नाही. नुसती मेथी आणि टोपी. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. खुंटीकडं बघत म्हणाल, "नगं पोरी, ऱ्हाऊ दे." तरी विचारते आहे. तेव्हा विचारलं नव्हतं.