बाय म्हणजे होय

२ सप्टेंबर २०२४, फुजैरा
आजपासून रोजनिशी. संकल्प: रोज लिहिणे. थोडं लिहिणे. खरं लिहिणे.
क्लबात नवा मिडफिल्डर आला. नाव एनेको. मी म्हणालो, वेलकम, स्पेन का? तो म्हणाला, स्पेन नाही, बास्क. मी लगेच सांगितलं, मीही इंडियाचा नाही, कोल्हापूरचा. त्याला पटलं.
वय पस्तीस. डोंगरातल्या एका कारखान्याच्या गावात सुरुवात, मग तिथल्याच मोठ्या क्लबात अकरा सीझन, उजव्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं, मग ग्रीस, मग सायप्रस, आता आम्ही. सेकंड डिव्हिजन. लोक याला उतरण म्हणतील. मी अनुभव म्हणतो.
माझी पोस्ट कागदावर लाँड्री अटेंडंट. प्रत्यक्षात किट मॅनेजर.

१९ सप्टेंबर
(रोज लिहिणे जमलं नाही. सीझन आहे.)
गोल करणाऱ्याला हार, गोल वाचवणाऱ्याला टाळ्या, मधल्याला नुसता घाम. जर्सी धुणाऱ्यालाच कळतं कोण किती पळाला ते. एनेकोचा आठ नंबर पिळवत नाही. मीही तालमीच्या टीमकडून हाफबॅक होतो, एक मोसम. आमच्या करिअरमध्ये बरंच साम्य आहे.
आज विचारलं, निळे मोजे देऊ? म्हणाला, बाय. मला वाटलं निघाला. पण तो तिथंच उभा. मग त्यानं समजावलं: त्यांच्या भाषेत बाय म्हणजे होय. काय भाषा आहे! निरोप आणि होकार एकाच शब्दात.
कुंदाला, म्हणजे बायकोला, फोनवर हे सांगितलं. ती कोल्हापुरात असते. म्हणाली, नाव काय म्हणालात, ये-नको? तुमच्यासारखंच. एकदा काय ते ठरवा.
तिचा टोमणा जुना आहे. सात वर्षांपूर्वी उंबऱ्यात मी 'येतो' म्हणालो. आपल्यात जातो म्हणत नाहीत. ती म्हणते, येतो म्हणालात आणि गेलात.
नोव्हेंबरात तिचा व्हिसा करणार. फर्म.

८ नोव्हेंबर
एनेकोचा गुडघा गेला. कोणी धक्का दिला नाही, जवळपास कोणी नव्हतंच. पास दिला आणि बसला. चेंडू मात्र बरोबर हवा तिथं पोचला. तो गुडघ्याकडे नाही, चेंडूकडे बघत होता. ते तोंड डोळ्यांसमोरून जात नाही.
कुंदाचा व्हिसा जानेवारीत. त्याला आत्ता माझी गरज आहे. ती म्हणाली, त्याला डॉक्टर नाही का?

२२ नोव्हेंबर
एनेको गेला. कायमचा, असं लोक म्हणतात. टॅक्सीची काच अर्धी खाली होती. मी वाकून विचारलं, तिकडे कोच झालात की मला बोलवाल ना? हात वर करून म्हणाला, बाय बाय.
दोनदा होय!
कुंदाला अजून सांगितलं नाही. थेट युरोपचा व्हिसा आल्यावर सांगेन. मग फुजैराचा खर्च कशाला?

१० डिसेंबर
त्याचे बूट इथंच राहिलेत. चामडं आखडू नये म्हणून दुपारी थोडा वेळ पायात घालून चालवतो. माझ्याच मापाचे आहेत, आत जरा कागद कोंबला की झालं.
मॅचच्या दिवशी आठ नंबर खुंटीला लावून ठेवतो. ग्राउंड्समन अलीमियाँ बघत उभा होता. म्हणाला, भाईजान, खाली जर्सी टाँगोगे तो कोई न कोई पहनेगा ही. मी म्हणालो, अंधश्रद्धा.
मग उगाच दिवा लावला, दुपारी.

१४ जानेवारी २०२५, दु. ३
लिहायचं नव्हतं, पण खरं लिहायचा संकल्प आहे. ड्रेसिंग रूमपासून मैदानापर्यंतच्या बोळात बुटांच्या खिळ्यांचा आवाज येतो. खट् खट्. माझ्या मागून. मी चाललो की तो चालतो. मी थांबलो की थांबतो. वळून बघितलं तर कोणी नाही. भीती वाटली. मग वाटलं, केवढी शिस्त! युरोपियन प्रोफेशनल तो.
म्हणजे तो परत येणार. माणसाच्या आधी पाऊल येतं.
उजवा गुडघा जरा धरलाय. समुद्राची हवा.

२ फेब्रुवारी
निरोप आला! एनेकोने क्लबच्या ग्रुपवर फोटो टाकला, त्यात मी मागे मोज्यांची बादली घेऊन. खाली लिहिलंय, थँक यू रफिक.
रफिक आमचा ड्रायव्हर. तो फोटोत नाहीच. शिवाय इथं कोणीही कोणालाही रफिक म्हणून हाक मारतो, विशेषतः आपल्यासारख्यांना. पण मी अर्थ काढला. अरबीत रफिक म्हणजे सोबती. सगळ्या टीममध्ये सोबती म्हणाला तो मला एकट्यालाच.
त्याला मेसेज केला: व्हेन? अजून एकच टिक आहे.

१६ फेब्रुवारी
कुंदाचा फोन. गारगोटीला मुलींच्या होस्टेलवर रेक्टरची जागा मिळतेय, राहायला खोली. घर बंद करून जावं लागेल. म्हणाली, मार्चअखेरपर्यंत ये म्हणा, पासपोर्ट पर्समध्येच आहे. नाहीतर मी माझं बघते. चिडली नव्हती. चिडली असती तर बरं वाटलं असतं.
तिला आणायचं तर आहेच. पण आली की क्लब दाखवावा लागणार. क्लब दाखवला की धुलाईची खोली. तिकडे सगळ्यांना मी मॅनेजर म्हणून माहीत आहे. आणि रूमवर आम्ही सहाजण.
असो. एनेकोचं कळलं की सगळं सुटेल.

११ मार्च
रमजान. प्रॅक्टिस इफ्तारनंतर, त्यामुळे दुपारभर मैदान रिकामं. आवाज वाढलाय. आता मलमाचा वासही येतो, तो लावायचा तेच. गुडघा सुजलाय. उजवाच.
किनाऱ्यावर जाऊन बसलो. तेलासाठी नांगर टाकून उभी असलेली जहाजं. आत येत नाहीत, जातही नाहीत. बघवेना, उठलो.

२४ मार्च
मुदीरने, म्हणजे मॅनेजरसाहेबाने, इफ्तारनंतर ऑफिसात बोलावलं. आधी चहा दिला. इथं आधी चहा दिला की गोष्ट गंभीर असते.
कॅमेऱ्याचं फुटेज दाखवलं. बोळातून आठ नंबर चाललाय. पाठमोरा. उजवा पाय ओढत. गवताच्या कडेला थांबतो, आत पाय टाकत नाही. मग हात वर करतो, पास मागितल्यासारखा. कितीतरी वेळ तसाच. मैदानात कोणी नाही.
माझ्या अंगावर काटा आला. मी ओरडलो, बघा, तोच! मी म्हणत नव्हतो?
मुदीरने स्क्रीनकडे बोट केलं. तेवढ्यात आठ नंबर वळला.
बूट चालवायला मी जातो हे खरं आहे. पण जर्सी घातलेली मला आठवत नाही. हात केलेला तर मुळीच आठवत नाही.
मुदीर म्हणाला, हबीबी, लीव्ह घे, घरी जा, बायकोला भेट. मी म्हणालो, ती इकडे येतेय. इन्शाल्ला, म्हणाला.
संकल्प: कुंदाला फोन करून 'ये' म्हणायचं. नुसतं ये. पुढे काही नाही.

३१ मार्च, ईदचा दुसरा दिवस
फोन लावला. ये म्हणालो. चांगलं स्पष्ट म्हणालो. मग आवाज एकदम हलका झाला तिचा, लग्नाच्या वेळी होता तसा. म्हणाली, उद्याच व्हिसाचं बघते, उतरायचं कुठं?
मी म्हणालो, नको. म्हणजे आत्ताच नको, जरा थांब.
ती हसली. बराच वेळ हसली. म्हणाली, ये, नको. आणि फोन ठेवला.

३ एप्रिल, दु. ४
आठ नंबर धुऊन नव्या पोराला दिला. त्याला ढगळ होतो. बूट अलीमियाँ घेऊन गेला, कुठं ते विचारलं नाही.
बोळातून चपलेने गेलो. आवाज नाही. थांबलो. मागे वळलो. कोणीच नव्हतं. आवाज होता तेव्हा इतकी भीती वाटली नव्हती.
आत्ता कुंदाचा मेसेज आला. घर बंद केलं, किल्ली शेजारी ठेवलीय. बाय.
लग्नापासून ती कधी बाय म्हणाली नाही. देवळात जाताना, माहेरी जाताना, फोन ठेवताना, दरवेळी येते म्हणायची.
बास्क भाषेत बाय म्हणजे होय.
कुंदाला बास्क येत नाही.