खांबावरची फुलपाखरं

दवनीवाडा, ८ सप्टेंबर २०२४

चि. रविता हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून पत्र. आपल्या शेजारच्या, एकट्या राहणाऱ्या गीताबाईच्या दारी महिनाभर सांज झाली की फुलपाखरं जमतात. मोठी, तपकिरी, पंखांवर डोळे असलेली. खांबावरच्या दिव्याला पतंग येतात, फुलपाखरं काऊन येऊन राहिली, असं जो तो विचारू लागला. बाईनंच काहीतरी करणी केली असेल, असं मी छाती ठोकून म्हणालो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा गावाबाहेर जाळायला काढला, तेव्हा इडा-पीडा घेऊन जा गे मारबत म्हणताना तिच्या दारासमोर मी तिचंच नाव घेतलं. मागून सारी पोरं ओरडली. आता ती कायमची तिरोड्याला लेकीकडे निघाली म्हणे.

तू किड्यांचं शिकतेस, खरं काय ते कळव. मामी जेवायला वाढते, पण बोलत नाही.

तुझा मामा,
मोहनलाल

नागपूर, १३ सप्टेंबर २०२४

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

मामीनं उपाशी ठेवलं नाही, हेच तुमचं नशीब! ही फुलपाखरं सांजेलाच उडतात. त्यांच्या अळ्या धानाच्या पातीवर वाढतात. उडताना किडे आभाळाच्या उजेडाकडे पाठ ठेवतात. जवळ दिवा असला की त्यालाच आभाळ समजून गरगरत राहतात, असं अभ्यासक म्हणतात. सगळं अजून उलगडलेलं नाही. पण मामा, गीताबाईच्या दारी तर खांब नव्हता. धानाच्या बांधीला लागून तो दिवा लावला कोणी?

लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घाला.

आपली भाची,
रविता

दवनीवाडा, २० सप्टेंबर २०२४

चि. रविता हिस आशीर्वाद.

मीच लावला. पंचायतीचा सदस्य म्हणून आषाढात मंजूर करून आणला, नारळही फोडला. उजेडानं झोप लागणार नाही, असं बाई तेव्हाच म्हणाली होती. मी ऐकलं नाही. साठीला आलो पोरी, आणि आरशात पाहायची लाज वाटते.

परवा दिवा काढायला लावला आणि तिच्या दारी जाऊन हात जोडले. तिचं सामान बांधून झालं होतं. माझं ऐकून ती एवढंच म्हणाली, की नाव तर गावभर ओरडला, अन् माफी कानात सांगून राहिला काय.

आज सकाळी चौकात उभा राहून मोठ्यानं सांगितलं, की चूक माझी, दिवा माझा. पोरं हसली. चौकातच थांबलेल्या तिरोड्याच्या गाडीत खिडकीशी बसून ती शेवटपर्यंत ऐकत होती. खाली उतरली नाही.

असल्या मामावरची माया आटू देऊ नकोस.

मोहनलाल