अर्धा डबा हिरवा रंग आणि सोळा फुटी होडी

मी, नाथाजी केरबा थोरवडे, वय वर्षे एकसष्ट, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त, राहणार मौजे वडजाईवाडी, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी स्मृती शाबूत आहे. मी दारू पीत नाही, आजही प्यायलेलो नाही. कोणी दम दिलेला नाही व कोणी गोडही बोललेले नाही. छातीचा आजार आहे व तो बरा होणारा नाही, असे डॉक्टरांनी मला सांगितले. घरी मी सांगितलेले नाही, कारण मग लोक विचारपूस करायला येतील.

माझ्या मागे मुलगा लालासाहेब, कोरेगावला दिलेली मुलगी बनुबाई व धाकटा भाऊ भाऊसो, जो या गावचा सरपंच आहे, एवढी माणसे आहेत. पत्नी राहीबाई ऑगस्ट १९७५ मध्ये वारली. तिच्याविषयी पुढे येईल.

कलम १. राहते घर व नदीकाठची माझ्या वाटणीची उसाची जमीन लालासाहेबाला द्यावी. त्याने ती कमावली म्हणून देत नाही. दुसऱ्याला दिली तर तो कोर्टात जाईल आणि तिथेही अर्धेच काम करून परत येईल, म्हणून देतो. लालासाहेबाने आजवर घेतलेले एकही काम शेवटाला नेलेले नाही. विहिरीचा कठडा तीन बाजूंनी बांधलेला आहे. चौथ्या बाजूला तो आठ वर्षे बाभळीचे काटे ठेवतो आहे.

कलम २. राहीबाईची भांडी, दोन लुगडी व डोरले बनुबाईला द्यावे. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

कलम ३. माझा भाऊ भाऊसो यास हिरव्या ऑइलपेंटचा अर्धा डबा द्यावा. तो माझ्या खोलीत फळीवर आहे. झाकण मी घट्ट बसवून ठेवले आहे. सोबत त्याचा ब्रशही आहे. रंगकाम झाल्यावर तो कोणी धुतला नाही, त्यामुळे आता लाकडासारखा झाला आहे. दोन्ही वस्तू त्याच्या हातात, चार माणसांसमक्ष द्याव्यात. हा रंग शाळेच्या दारांसाठी आला होता. शाळेची दारे अजून तशीच आहेत.

कलम ४. आता होडी.

ही होडी मी १९७१ साली धरणाच्या कामावरच्या लिलावात घेतली. सोळा फूट लांब, फायबरग्लासची. आमच्या नदीवर तोवर लाकडी होड्याच होत्या. लोक हिला प्लास्टिकची म्हणत व हसत. भाऊसो म्हणाला, "दादा, ह्यात पोरास्नी आंघूळ घालायची का?" खडकीला इंजिनियर पलटणीच्या वर्कशॉपमध्ये मी नऊ वर्षे अशा होड्या दुरुस्त केल्या आहेत. भाऊसोने आयुष्यात सायकलचे पंक्चरही काढलेले नाही.

वाडी नदीच्या अलीकडे आहे, सडक व एस.टी. पलीकडे. दुसरी होडी सात मैल खाली. म्हणून ही होडी माझी असली तरी वाडीची आहे, असे मी मानत आलो.

फायबरग्लासच्या होडीला वरून एक चकचकीत थर असतो. त्याला जेलकोट म्हणतात. त्याच्या आत काचेचे कापड असते. उन्हापाण्याने जेलकोट झिजला की हाताला खडूसारखी भुकटी लागते, बारीक तडे दिसतात, आणि त्यातून पाणी कापडात उतरू लागते. १९७५ साली होडी या अवस्थेला आली होती. ती उन्हाळ्यातच रंगवायला हवी होती. पण सामान पुण्याहून यायला उशीर झाला. मी सर्वांना सांगितले की यंदा पाऊस काढू, पुढच्या फाल्गुनात पंधरा दिवस घेऊन मी हे काम करीन. तोवर कोणी ब्रश लावू नये.

श्रावणात मला पेन्शनच्या कागदांसाठी खडकीला जावे लागले. त्याच आठवड्यात पलीकडच्या पंपघराचे उद्घाटन ठरले. जिल्ह्याचे एक पुढारी येणार होते व त्यांना होडीतून न्यायचे होते. भाऊसोला होडी जुनी दिसू लागली. त्याने व लालासाहेबाने ती काठावर पालथी घातली व एका सकाळी हिरवी करून टाकली. धुतली नाही, घासली नाही. श्रावणातल्या दमट हवेत ऑइलपेंट वाळत नाही, हे सरपंचाला कळण्याचे कारण नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. वाडीची माणसे होडीच्या टोकालाही दरवर्षी तेल-शेंदूर फासत. चार वर्षांचे तेल तिथे मुरले होते. मी परत आल्यावर विचारले, निदान टोक तरी का पुसले नाही. भाऊसो म्हणाला, "दादा, देवाचं त्याल कसं पुसायचं? पाप लागंल की." म्हणून त्याने देवाच्या तेलावर शाळेचा रंग लावला. त्याचे पाप लागत नसावे.

पुढाऱ्यांच्या पांढऱ्या धोतराला मागून हिरवा डाग पडला व ते तसेच भाषणाला उभे राहिले. कोणी सांगितले नाही. भाऊसो त्यांच्या मागे उभा राहून हार सावरण्याचे निमित्त करत होता. दसऱ्यापर्यंत रंगाची सालपटे निघाली. सुरुवात टोकापासून, तेलाच्या जागेपासून झाली. वाडीतल्या बायका म्हणाल्या, देवाने रंग टाकला. देवाने नाही, तेलाने टाकला. पण एवढे समजून घ्यायला ज्यांना वेळ नाही त्यांच्याशी मी बोलत नाही.

कलम ५. ही होडी, तिची वल्ही, माझी हत्यारांची पेटी, काचेचे कापड चिकटवायचे उरलेले रेझिन व ते घट्ट करणारे हार्डनर, आणि पोस्टातल्या पुस्तकावर असेल ती रक्कम, सिद्धू बिराप्पा हाके यास द्यावी.

सिद्धू आटपाडीकडचा धनगर. दुष्काळात मेंढरे घेऊन नदीकाठी आला व राहिला. त्याला पोहता येत नव्हते. होडीत पहिल्यांदा बसला तेव्हा डोळे मिटून बसला. लालासाहेब म्हणेल की परक्याला दिले. लालासाहेबाला मी हे काम शिकवायला तीनदा बसवले. तिन्ही वेळा तो पॉलिश पेपर आणायला म्हणून उठला, तो जेवायलाच परत आला.

१९७६ च्या फाल्गुनात मी सगळा हिरवा रंग खरवडून काढला तेव्हा सिद्धू आपण होऊन शेजारी बसला. मी त्याला सांगितले की आधी सोड्याने धुवायचे, मग थिनरने पुसायचे, आणि घासायचे ते त्यानंतर. उलटे केले तर तेल घासून चरांत बसते व वरचा रंग कधीच धरत नाही. पलटणीत हे मला शिकवावे लागले होते, आणि मी शिकवलेल्या जवानांपैकी निम्मे ते विसरत. सिद्धू म्हणाला, "व्हय की हवालदार. मेंढरं बी आदी डव्हात धुत्यात आन् मग कातरत्यात. तेलकट लोकरीला कातर चालतीय व्हय?" मी म्हटले, हे तुला कोणी सांगितले. म्हणाला, "मेंढरानंच."

बारा दिवस तो माझ्याबरोबर घासत होता. एकदाही म्हणाला नाही की आता पुरे.

कलम ६. यंदाच्या फाल्गुनात होडीला पुन्हा रंग लागेल. मी नसेन असे धरून लिहितो. सिद्धूला वाचता येत नाही म्हणून दादासो मास्तरांनी हे व पुढची दोन कलमे त्याला दोनदा वाचून दाखवावीत.

होडी मांडवाच्या सावलीत पालथी घालावी. दोन फडकी घ्यावीत. एकाने थिनर लावावे, दुसऱ्याने लगेच उचलावे. फडके मळले की फेकावे, धुऊन पुन्हा वापरू नये. मग तांब्याभर पाणी वरून ओतावे. पाणी सगळीकडे सारखे पसरले तर होडी स्वच्छ. थेंब होऊन उभे राहिले तर तिथे तेल आहे. पुन्हा पुसावे. तडे टोकदार पटाशीने उघडावेत व रेझिनमध्ये शंखजिऱ्याची भुकटी कालवून भरावेत. खिडकीच्या काचा बसवायची लांबी भरू नये, मग ती कोणी फुकट दिली तरी. घासताना नाकातोंडाला ओले फडके बांधावे. मी बांधत नव्हतो. प्रायमरचे दोन हात, रंगाचे तीन, सगळे पातळ. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा. रंग करडाच. कोणी फिक्कट म्हणाले तर म्हणू द्यावे.

होडीला तेल-शेंदूर लावू नये. काठावर मी एक दगड बसवला आहे. ज्याला फासायचे त्याने त्याला फासावे. देवाची याला हरकत असती तर तीन वर्षांत कळले असते. भाऊसोची हरकत आहे, ती चालेल.

कलम ७. होडी देण्याला माझी एक अट आहे, व ती मोडल्यास होडी फोडून जाळावी. रंग ओला असो, प्रायमर ओला असो, घासणे अर्धे राहिलेले असो, कोणाच्या घरी आजारी माणूस आहे असे कळले की होडी त्या क्षणी सरळ करून पाण्यात घालावी. पुढारी काठावर उभा असला तरी त्याने थांबावे. रंग पुन्हा लावता येतो.

ही अट का, ते लिहितो. मी खडकीला असताना, होडी रंगवली त्याच दिवशी दुपारी राहीबाईच्या पोटात उजव्या अंगाला दुखू लागले. उलट्या झाल्या. सिद्धू तिथे होता. तो जेवढे घडले तेवढेच सांगतो, म्हणून मी त्याच्या शब्दावर जातो. तो भाऊसोला म्हणाला, "सरपंच, होडी सुलटी करू या, बाईस्नी सांगलीला न्ह्यावं लागंल." भाऊसो म्हणाला, "आरं रंग वला हाय. उद्या दुपारी कारेक्रम झाला की नीऊ." सिद्धू म्हणाला, मग गुळाची काहील तरी द्या, तीत बसवून नेतो. काहील भाऊसोच्या गुऱ्हाळात कुलपात होती व किल्ली मांडववाल्याकडे होती. लालासाहेब किल्ली आणायला गेला. संध्याकाळी तो मांडववाल्याबरोबर कमान बांधताना सापडला.

मग भाऊसो राहीबाईला म्हणाला, "वैनी, एक रात काढा. हाताचं ठसं उठत्याल रंगावर."

तेव्हा ती म्हणाली, "काढती की. रंग नासाय नगो. ह्येंचा लय जीव हाय त्या होडीवर."

दुसऱ्या दिवशी उन्हे उतरल्यावर तिला पलीकडे नेले. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली. मी पोचलो तेव्हा तिच्या हातांना हिरवा रंग होता. डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी आणायला हवे होते. भाऊसोने तेराव्याला मोठी पंगत घातली. मी जेवलो नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतेही बोललेलो नाही, आणि त्याने त्याचे कारण मला अजून विचारलेले नाही.

भाऊसोला व लालासाहेबाला मी क्षमा केली असे कोणी मास्तराने किंवा भटजीने माझ्या मागे सांगू नये. मी केलेली नाही. पण ती भाऊसोच्या रंगासाठी थांबली नाही, माझ्या रंगासाठी थांबली. त्याच्या आणि माझ्या रंगातला फरक तिला माहीत नव्हता, कारण मी तिला तो कधी सांगितला नाही. मी तिला एवढेच सांगत असे की होडीला जप.

कलम ८. शेवटचे. राहीबाईला पाण्याची भीती वाटे. ती टोकाजवळ डाव्या अंगाला बसे व पलीकडे जाईपर्यंत काठ घट्ट धरून ठेवी. तिच्या बांगड्यांनी तिथला जेलकोट झिजून हातभर जागेत कापडाचे धागे दिसू लागले होते. प्रत्येक खेपेला मी म्हणे, "हात काढ, ओरखडे पडतात." ती हात मांडीवर ठेवी व मधोमध पाणी आले की पुन्हा धरी.

१९७६ साली मी सगळी होडी घासली, भरली व रंगवली. तेवढी जागा सोडली. सिद्धूने पाहिले व तेवढी सोडून पुढचे घासायला घेतले. त्या जागेवर पाणी ओतले की ते पसरत नाही व थेंबही होत नाही, आत जाते. तीन पावसाळे ते आत जाते आहे. आणखी दोन गेले तर डावी बाजू सुटेल. ज्याने असे काम केले असते त्याला मी पलटणीत परेड मैदानाभोवती पळवले असते. हे काम माझे आहे, भाऊसोचे नाही, असे इथे नोंदवतो.

सिद्धू, ती जागा यंदा तू धू, पूस, घास आणि भर. कापडाचे दोन थर घाल. वरून बाकीच्यासारखाच रंग दे, कुठे होती ते कळता कामा नये. तिथे पुढे कोणी बाई बसेल, काठ धरील, तिच्या हातात बांगड्या असतील. तिला हात काढ म्हणू नको.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील आठ कलमे मी स्वतः वाचून, खाडाखोड न करता, खालील दोघांच्या देखत सही करीत आहे. त्या दोघांनीही माझ्यादेखत सह्या केल्या. सिद्धूला साक्षीला बोलावले नाही, कारण त्याला यातून मिळायचे आहे, आणि त्याला ते अजून माहीत नाही.

सही: नाथाजी केरबा थोरवडे

साक्षीदार:
१. दादासो ज्ञानू पाटणे, निवृत्त शिक्षक, राहणार वडजाईवाडी
२. ज्योतिबा गुंडा कुंभार, पोस्टमन, राहणार वडजाईवाडी

मुक्काम वडजाईवाडी, तारीख २२ जानेवारी १९७९