आठव्या वचनापुढची जागा

मी, प्रेमलाल शालिकराम सोनवाने, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त संस्कृत शिक्षक, धर्माने ख्रिस्ती, राहणार बालाघाट, मध्य प्रदेश, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता, चहा पिऊन, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीत असल्याबद्दल डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद सोबत जोडला आहे. ख्रिस्ती माणूस संस्कृत शिकवतो म्हणून शाळेत हसणारे, आणि संस्कृतचा मास्तर बायबलची चिरफाड करतो म्हणून चर्चमध्ये कुजबुजणारे, अशा दोघांनीही तो पाहून घ्यावा.

यापूर्वी २०१५ साली केलेलं माझं मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावं. बायबलबद्दल मी जन्मभर सांगत आलो की दोन प्रतींत फरक दिसला तर आधी जुनी प्रत बघा. मृत्युपत्राचं नेमकं उलट असतं, इथे शेवटचं लिहिलेलं तेच चालतं. हे मला माझी जुनी विद्यार्थिनी आणि आताची वकील संघमित्रा हिने समजावलं. या वयात हा नियम मला फार आवडला.

ती म्हणाली होती, "सर, हिंदीत लिहा ना. रजिस्ट्रार ऑफिसात सोपं जाते." मी ऐकलं नाही. दुर्गाबाई, माझी दिवंगत पत्नी, आणि मी मराठीत भांडलो आणि मराठीत प्रार्थना केली. हिंदी भाषांतर जोडायचं तर जोडावं. भाषांतरात काय काय निसटतं ते मी पुष्कळ पाहिलं आहे, म्हणून दोहोंत फरक आढळल्यास मूळ मराठीच ग्राह्य धरावं.

कलम १. बालाघाटातलं राहतं घर, त्यातली भांडीकुंडी, मागच्या अंगणातलं सीताफळाचं झाड आणि बँकेत जी काही शिल्लक निघेल ती माझी मुलगी रचना हिला द्यावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील. घर तिने विकलं तरी माझी हरकत नाही. झाड तोडणाऱ्याला मात्र विकू नये, ते दुर्गाने लावलं आहे.

कलम २. खैरलांजीजवळचं वडिलोपार्जित धानाचं शेत माझ्या आणि माझा धाकटा भाऊ चंद्रशेखर याच्या नावावर आहे. माझा हिस्सा मी त्यालाच देतो. रचनाला विचारलं, ती म्हणाली, "देऊन टाका बाबा. धानातलं कळते ते काकालेच." चंद्रशेखर आमच्या चर्चच्या मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, आहे आणि सहा वर्षं झाली, तो माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही. शेत देण्याशी याचा संबंध नाही, ते त्याचंच होतं.

कलम ३. चर्चमधलं सागवानी वाचनपीठ मी दुर्गाच्या आठवणीसाठी करवून दिलं होतं. त्यावर उभं राहून वाचायला मला बंदी करणाऱ्या कमिटीने ते खुशाल वापरावं. त्याचा एक पाय आखूड आहे. त्याखाली मी घडी करून ठेवलेला पुठ्ठा साफसफाईच्या नावाखाली कोणी काढू नये, नाहीतर ऐन उपदेशात पाळकसाहेब डुलतील.

कलम ४. माझं ग्रीक व्याकरण, दोन कोश, भिंग आणि बायबलच्या हस्तलिखितांवरची सगळी पुस्तकं चंद्रशेखरची मुलगी श्रुतिका हिला द्यावीत. ती जबलपूरला इतिहास शिकते आणि माझ्याशी कडाडून वाद घालते. एवढं कारण पुरे आहे. पण ही पुस्तकं माझ्याकडे कशी आली, ते इथे लिहून ठेवतो, कारण याबद्दल गावात नाही नाही ते बोललं गेलं आहे.

शाळेत मी पोरांना पाठभेद शिकवायचो. नक्कल करणाऱ्याची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरते. समासातली टीप पुढच्या प्रतीत मजकुरात शिरते. कधी कोणी मागाहून श्लोकच घालतो, त्याला आपण प्रक्षिप्त म्हणतो. हे वीस-बावीस वर्षं शिकवल्यावर एके दिवशी वर्गातच मनात आलं की ही फूटपट्टी मी सगळ्या पोथ्यांना लावतो, फक्त माझ्या पोथीला लावत नाही. ती मला लबाडी वाटली. पन्नाशीत पोस्टाने पुस्तकं मागवून ग्रीक शिकलो. मग कळलं की व्यभिचारात धरलेल्या आणि येशूने दगडांपासून वाचवलेल्या बाईची गोष्ट, जी दुर्गाला सगळ्यांत प्रिय होती, ती जुन्यात जुन्या प्रतींत नाही. आणि मार्कचं शुभवर्तमान त्या प्रतींत सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला संपतं. येशूची कबर रिकामी सापडते, बाया घाबरून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत, आणि पान संपतं. पुढची बारा वचनं, ज्यांत जिवंत झालेला येशू शिष्यांना भेटतो, नंतरच्या कोणाची तरी आहेत.

मी हे दुर्गाला सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे आता प्रार्थना बंद?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग वाचा काय वाचाचं ते. भात निवून राह्यला."

मी त्यानंतरही एक रविवार चुकवला नाही. त्या बाईची गोष्ट दुर्गाच्या शेवटच्या आजारात तिला रोज वाचून दाखवली. ती नंतर जोडलेली आहे हे ठाऊक असूनही तिच्यातला एक शब्द गाळला नाही. जोडलेलं म्हणजे खोटं, असं मी कधीच म्हटलेलं नाही. मला फक्त कोणाचा हात कुठे लागला आहे ते पाहायचं असतं.

कलम ५. आता भांडणाचं. ईस्टरला पहाटे मेणबत्त्या घेऊन आमची मंडळी कबरस्तानात जाते, आपापल्या माणसांच्या कबरी सजवते, आणि उजाडताना मार्कचा सोळावा अध्याय वाचला जातो. ते वाचन वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं. २०१८ च्या ईस्टरला दुर्गाच्या कबरीवरची माती अजून बसली नव्हती. मी तिच्याशेजारी उभा राहून वाचत होतो. बाया भ्याल्या आणि गप्प राहिल्या, इथवर आलो आणि पुस्तक मिटलं. विद्वत्ता दाखवायची नव्हती. त्या घटकेला माझ्याजवळ खरं म्हणण्यासारखं तेवढंच होतं.

चंद्रशेखरने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि उरलेली बारा वचनं मोठ्याने वाचून काढली. फाटकाशी त्याने मला अडवलं. "बाबाच्या दगडावर कोणतं वचन कोरलं हाय, माहीत हाय न तुले, भाऊ? पंधरावं! साऱ्या जगात जाऊन सांगा म्हणून. ते तुले खोटं वाटते? मंग बाबा काहून फिरला गावोगाव?"

आमचे वडील शालिकराम प्रचारक होते. रामपायलीपासून खैरलांजीपर्यंत बांधाबांधाने चालत जायचे. मी म्हणालो, "चंदू, ते मार्कने लिहिलं नाही, एवढंच म्हणतो मी." तो म्हणाला, "मंग घे तुझा मार्क अन् बस घरी." तो निघून गेला. दुसऱ्या महिन्यात कमिटीने माझं वाचन बंद केलं. एका सभासदाने असंही सुचवलं की ज्याला पूर्ण वचन नको त्याला मंडळीच्या जमिनीत जागा तरी कशाला. त्यावर अजून ठराव झालेला नाही. अध्यक्षस्थानी चंदू होता आणि तो गप्प राहिला.

कलम ६. मला दुर्गाच्या शेजारी पुरावं. संघमित्रा म्हणते, अंत्यविधीबद्दलच्या सूचना कायद्याने बंधनकारक नसतात आणि जागा देणं न देणं मंडळीच्या हातात आहे. तेव्हा हे कलम हुकूम नसून विनंती आहे, आणि ती चंद्रशेखरला आहे. नकार मिळाला तर रचनाने कोर्टकचेरी करू नये. पण मला दुसरीकडे झोपायचं नाही, हे मी साध्या शब्दांत सांगतो. त्या जागेच्या विचाराने मला रात्र रात्र झोप येत नाही.

त्या वेळी वाचन चंदूने करावं, दुसऱ्या कोणी नाही. सोळावा अध्याय घ्यावा आणि आठव्या वचनाला थांबावं. थांबल्यावर त्याला जे वाटेल ते त्याने बोलावं. नऊपासून वीसपर्यंत वाचावंसं वाटलं तर तेही वाचावं.

चंदू, तेव्हा थांबलो ते बरोबरच होतं, त्याची मी माफी मागत नाही. पण एक गोष्ट मला त्यानंतर कळली. ज्याने ती बारा वचनं जोडली त्याला मी पूर्वी ढवळाढवळ करणारा म्हणायचो. आता वाटतं, कथा अशी भीतीत आणि अबोल्यात संपलेली त्याला सोसवली नसेल, म्हणून त्याने पुढे लिहिलं. सहा वर्षं तुझ्याशी न बोलता काढली तेव्हा तो माणूस मला समजला. बाबांचा दगड खोटा नाही. ते वचन कोणीही लिहिलेलं असो, बाबा ते ऐकून उठले आणि चालले, आणि त्यांच्या पायांच्या भेगांना मी आणि तू आळीपाळीने तेल लावलं आहे. मला तुझी फार आठवण येते.

कलम ७. सहीखाली मोकळी जागा सोडू नये, असा नियम आहे. संघमित्रा रागावली. "सर, तिथं रेघ मारा. मागून कोणी बी काही बी जोडून देते." मी रेघ मारलेली नाही. तिथे जे लिहिलं जाईल त्याला कायद्यात काही किंमत नसेल, हे मला ठाऊक आहे. ती जागा चंदूसाठी आहे, आणि माझ्या मरणाची वाट बघायचं कारण नाही. या मृत्युपत्राची झेरॉक्स शेजारचा दुलीचंद आजच त्याच्या घरी देऊन येईल. पण नकलेवर लिहिलेलं मी जन्मभर तपासूनच घेत आलो. मूळ कागद माझ्या टेबलावर आहे, त्यासाठी घरी यावं लागेल.

ठिकाण : बालाघाट
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४

सही
प्रेमलाल शालिकराम सोनवाने

साक्षीदार

आम्हां दोघांना या मृत्युपत्रात काहीही मिळत नाही. दुलीचंदला सायकल हवी होती, पण साक्षीदाराला काही देता येत नाही म्हटल्यावर त्याने सायकल सोडली. वरील सही प्रेमलाल सरांनी आमच्यासमोर, समजून उमजून केली. तेव्हा सहीखालचं अर्धं पान कोरं होतं, म्हणून आम्ही हे पानाच्या मागच्या बाजूला लिहीत आहोत, आणि पेन त्यांनी टोपण न लावता तिथेच ठेवलं, हे आम्ही पाहिलं.

१. संघमित्रा मेश्राम, वकील, बालाघाट
२. दुलीचंद बिसेन, शेजारी, बालाघाट