बोटभर सैल दार

प्रिय शंकरप्पा मिस्त्री यांस लातुराहून सटवाजीचा रामराम.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नका. उदगिरात सगळे खुशाल असतील. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? माझी तब्येत ठीक आहे, काळजी तेवढी जात नाही.

नात सुकन्या यंदा डॉक्टरकीच्या परीक्षेला बसते. (लातुरात आता घरांपेक्षा क्लासच्या पाट्या जास्त झाल्यात.) तिच्यासाठी तिच्या बापाने, व्यंकटीने, खोलीत एसी बसवला, पण खोली गार होईना. मेकॅनिक म्हणाला, गारवा कुठून तरी गळतोय; उदबत्ती घेऊन फिरा, धूर जिकडे ओढला जाईल तिकडे फट समजा. हे काम मी अंगावर घेतलं. पंखा बंद करायचा हे त्याने सांगितलं नव्हतं. धूर चारी दिशांना पळाला, तेव्हा सबंध घरच फुटकं आहे असं मी जाहीर केलं. शेजारच्या सुमनबाईंनी मला खिडकीपुढे उदबत्ती फिरवताना पाहिलं, चपला काढून हात जोडले आणि प्रसादासाठी बसून राहिल्या. सुनेला शिरा करावा लागला. मग पंखा बंद करून खिडकीच्या फटी मी कणकेने बुजवल्या, तर मुंग्या थेट सुकन्याच्या पुस्तकात.

शेवटी धूर दाराकडे गेला आणि फटीतून सरळ बाहेर. ते दार तुमच्याच हातचं. बोटभर सैल ठेवा असं मी म्हणालो होतो, आणि तुम्ही कारण विचारलं नव्हतं. ते आज सांगतो. भूकंपात गावाकडच्या घराची चौकट दबली, दार अडकलं. बायको केवळाबाई आत, मी बाहेर ओट्यावर. दार हलेना, पण फटीतून तिचा आवाज येत होता.

"कुठं हाव तुमी?"

"हितंच हाय."

असं पुन्हा पुन्हा. लोक पहारी घेऊन आले तोवर ती विचारायची थांबली होती. व्यंकटी तेव्हा लोह्याला मामाकडे होता. आई झोपेतच गेली, असं मी त्याला सांगितलेलं आहे. फट का ठेवली हे त्याला सांगावं लागू नये, म्हणून ती सापडलीच नाही म्हणालो. त्याने स्वतः उदबत्ती धरली आणि त्याला लगेच सापडली. आता आजोबांना दिसत नाही, असं घरात ठरलंय.

तुमचा,
सटवाजी

ता. क. दाराला रबराची पट्टी लावायला व्यंकटी तुम्हालाच बोलावणार आहे. या, चष्मा लावून दार नीट बघा, आणि लाकूड जुनं आहे, पट्टी धरणार नाही म्हणून सांगा.

ता. क. दुसरा. काल पोरीच्या वहीवर घामाचे डाग पाहिले. वरचं खोटं बोलू नका, पट्टी लावा. फक्त माझी खाट दाराबाहेर जिथे असते तिथे, खालच्या बाजूला, आवाज येईल एवढी जागा सोडा. व्यंकटी रविवारी रबर आणतोय. कधी येता ते त्याआधी कळवा.