अनुमोदनाचा गुलाब

शुक्रवार, संध्याकाळ

खिशातला गुलाब अजून काढलेला नाही. सदरच्या कॉलेजातून घरापर्यंत गाडीवर तसाच आला. काढून ठेवू तरी कुठे?

सकाळी बी.ए.च्या वर्गात बादशहांचा धडा होता. मोगल, तुर्क, फ्रेंच, सगळ्यांचं म्हणणं एकच, गादी देवाने दिली. त्याच काळात युरोपातले काही विचारवंत म्हणू लागले की देवाने नाही, राज्य लोकांच्या संमतीवर उभं असतं. मी अगदी रंगात आलो होतो. पहिल्या बाकावरच्या प्रणालीने विचारलं, "सर, मंग लोकं हो काहून म्हणतात? ज्याले राजा नाही पायजे, तो बी?" तेवढ्यात घंटा झाली. म्हटलं, उद्या सांगतो.

दुपारी कॉलेजचा वर्धापनदिन. संस्थाचालकांनी अध्यक्षस्थान स्वीकारावं, अशी सूचना प्राचार्यांनी मांडली. ते तर आधीच खुर्चीत बसले होते! अनुमोदनासाठी माझं नाव पुकारलं. मी तासिका तत्त्वावरचा माणूस. दर जूनला नव्याने नेमणूक, आणि ती याच खुर्चीच्या हातात. उठलो. "सर्वांच्या वतीने मी अनुमोदन देतो."

सर्वांच्या? विचारलं कुणाला होतं मी? टाळ्या झाल्या. हातात गुलाब आला.

नाही म्हणता आलं असतं का? त्या माइकवर नाही म्हटलेलं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

फाटकाशी प्रणाली उभी होती. माझ्या खिशातल्या गुलाबाकडे बघत हळूच म्हणाली, "सर, उद्या सांगू नका. समजलं मले."